शवगाडीपुढची मेंढी

थेडी किलरॉयच्या शवपेटीला खांदा द्यायला सहा जण हवे होते. सहावा म्हणून डीलियाने, म्हणजे थेडीच्या विधवेने, फेलिम हॅन्लीचं नाव घेतलं, तेव्हा स्वयंपाकघरातले सगळे आपापल्या चहाच्या कपात बघू लागले.

फेलिम सक नदीच्या पलीकडचा, शेजारच्या रॉसकॉमन परगण्यातला. अॅट्रॅक्टाशी लग्न करून तो गॉलवेच्या या गावात आला, त्याला तीसेक वर्षं झाली. तेवढ्या काळात त्याने गावातल्या प्रत्येक मयताला खुर्च्या वाहिल्या, पण पेटीला खांदा द्यायला त्याला कुणी बोलावलं नव्हतं. रॉसकॉमनच्या माणसाला आयर्लंडभर मेंढीचोर म्हणतात आणि शेजारच्या गावात जरा जास्तच म्हणतात. सर्वांत जास्त म्हणायचा तो थेडीच. फेलिम दिसला की तो कुंपणावरून आपल्या मेंढ्या मोठ्याने मोजायचा. मागच्या शरद ऋतूत फेलिमच्याच चार मेंढ्या नाहीशा झाल्या, तेव्हा थेडी आठवडाभर हसत होता.

"खांदा देऊ दे," मॅटी फाही म्हणाला. मॅटी थेडीचा भाचा. "पण मामाच्या अंगात लोकरीचा स्वेटर आहे. तेवढ्यावर लक्ष ठेवा."

लोक हसले, मग पेटीकडे बघून त्यांनी पुन्हा कप उचलले.

"ते नाव पडलं कशावरून, ते तरी माहीत आहे का तुला?" फेलिमने विचारलं.

"न माहीत असायला काय झालं? दुष्काळात तुमचे लोक मेंढी उचलताना सापडायचे आणि शिक्षा म्हणून जहाजात बसून ऑस्ट्रेलियाला जायचे."

"आमच्याकडे वेगळं सांगतात. जमीनदारांनी आधी माणसं हुसकली आणि त्यांच्या शेतांत मेंढ्या सोडल्या. उपाशी माणसांनी त्या खाल्ल्या. आता चोरी कुठून मोजायची, ते तूच सांग."

"मटण शिजलं तिथून," मॅटी म्हणाला.

उत्तर फेलिमला सहसा घरी पोचल्यावर सुचायचं.

तेवढ्यात डीलिया जवळ आली. "फेलिम, थेडी गेल्यापासून मागच्या रानातल्या मेंढ्यांना कुणी दाणा घातलेला नाही. पेटी निघायच्या आत जाऊन येतोस का?"

"मी जातो की," मॅटी उठला.

"तू बस. फेलिम जाईल."

मागचं रान टेकडीआड होतं. फेलिमने बादली वाजवली आणि थंडीने तो खोकला. कळप जागचा हलला नाही. एकच मेंढी मान वर करून ओरडत धावत आली आणि तिने त्याच्या काळ्या कोटाच्या खिशात तोंड खुपसलं.

फेलिमच्या हातातली बादली खाली पडली. ही पिल्लू असताना हिला अॅट्रॅक्टाने चुलीपाशी खोक्यात ठेवून बाटलीवर वाढवलं होतं. तो पलीकडे खोकत बसायचा. अॅट्रॅक्टा वारली, पिल्लाची मेंढी झाली आणि मग तीही नाहीशी झाली. आता तिच्या पाठीवर थेडीच्या मालकीची खूण, लाल रंगाचा पट्टा होता. त्याने लोकर फाकवली. खाली फेलिमचा निळा पट्टा होता.

ओरडून सांगावं, तर माणूस पेटीत. गप्प बसावं, तर मेंढी खिसा सोडेना. शेवटी तो एकटाच परत निघाला, तर ती भिंतीवरून उडी मारून मागे आली. दोनदा त्याने तिला आत ढकललं, दोनदा ती आली.

हॉलमधून खुर्च्या आणलेला त्याचा ट्रॅक्टर आणि ट्रेलर अंगणाबाहेर होता. पटकन घरी सोडून यावी, असं त्याने ठरवलं. घर चर्चच्या थोडं पुढे होतं. त्याने तिला ट्रेलरमध्ये चढवलं आणि गल्लीत वळला. नेमकी त्याच वेळी पेटी बाहेर आली होती. मागे शवगाडी लागली. गल्ली एका गाडीची, आणि वाटेतल्या प्रत्येक फाटकापाशी मयताला आलेल्यांच्या मोटारी उभ्या; बाजूला व्हायला जागाच नव्हती.

अशा रीतीने थेडी किलरॉयची अंत्ययात्रा निघाली. पुढे फेलिमचा ट्रॅक्टर, मग ट्रेलर, मग थेडी, मग सारं गाव पायी. मेंढी शवगाडीकडे तोंड करून चर्चपर्यंत ओरडत राहिली. थेडीसाठी एवढं कुणीच रडलं नाही.

चर्चच्या दाराशी मॅटीने ट्रेलरमध्ये डोकावून पाहिलं.

"हा मामाचा पट्टा आहे," तो हळूच म्हणाला. "मयताच्या दिवशी, फेलिम? जमिनीत तरी जाऊ द्यायचंस त्याला."

फेलिमने तोंड उघडलं. लोकर फाकवून दाखवली की झालं. मग त्याला डीलिया दिसली. काळ्या रुमालात, एकाएकी फार लहान झालेली. त्याने तोंड मिटलं.

"हा खांदा देणार नाही," मॅटी लोकांना म्हणाला.

"देणार," डीलिया म्हणाली. "ती मेंढी थेडीने त्याला दिली आहे. जाण्याआधी माझ्यापाशी बोलला तो."

थेडीने कुणाला काही दिल्याचं ऐकण्याची सवय गावाला नव्हती. फादरना मात्र फार बरं वाटलं. थेडीबद्दल काय बोलावं, या काळजीत ते सकाळपासून होते. ते वीस मिनिटं त्या मेंढीवर बोलले. ज्याला आपण आयुष्यभर हिणवलं त्याला जाता जाता आपल्या कळपातली सर्वांत लाडकी मेंढी देणारा माणूस, असं म्हणून त्यांनी डोळे पुसले. पहिल्या बाकावर फेलिम मान खाली घालून बसला होता. मागच्या बायकांना वाटलं, कृतज्ञतेने.

त्याने खांदा दिला. थेडी जड होता.

खड्डा बुजल्यावर मॅटीने येऊन हात पुढे केला. "चुकलं माझं. मामाचे उपकार विसरू नकोस."

"नाही विसरायचा," फेलिम म्हणाला.

लोक पांगल्यावर डीलियाने त्याची बाही धरली.

"लाल रंग मीच ढवळून दिला होता," ती मातीकडे बघत म्हणाली. "तुला दाणा घालायला उगाच नाही पाठवलं. वाटलं, बघशील आणि बोलशील, म्हणजे मला बोलावं लागणार नाही. बाकीच्या तिघी गुरुवारी घेऊन जा."

"सकाळी येतो."

"सकाळी नको. एक दिली म्हटलं तर लोकांनी मानलं. चार दिल्या म्हटलं तर थेडीला ओळखणारा एकही माणूस मानायचा नाही." तिने रुमाल नीट केला. "अंधार पडल्यावर ये. मागच्या भिंतीवरून. आणि खोकू नकोस."