मुकादम आणि सहावं बटण

तिसऱ्या दिवशी मुकादमाने मापाची टेप खाल्ली, तेव्हा मास्तरांचा धीर सुटला. सगळी नव्हे, पहिले चारच इंच. पण ते लक्षात आलं कधी, तर काडीसारख्या पोस्टमनची कंबर अठ्ठाविसाची बत्तीस भरली तेव्हा. पोस्टमन बिचारा तिथेच स्टुलावर बसला आणि आपण हल्ली काय काय खातो ते आठवू लागला.

मुकादम हा मास्तरांच्या अक्काचा, म्हणजे थोरल्या बहिणीचा, राखाडी पोपट. अक्का मोतीबिंदू काढायला दहा दिवस लेकीकडे गेली होती आणि जाताना पिंजरा धाकट्या भावाकडे सोपवून गेली होती. सोबत दोन पानी यादी. मुकादमाच्या चोचीला लागता कामा नयेत अशा वस्तू: सुया, टाचण्या, बटणं, हुक, चेन, खडू, रबर, दोरा, इस्त्रीची वायर, आणि असंच खाली खाली. घराच्या पुढच्याच खोलीत शिवणकामाचं दुकान असलेल्या माणसाला ती वाचून घाम फुटला. त्या खोलीत यादीत नसलेली वस्तू एकच होती, ते स्वतः.

पण नाही म्हणायची सोय नव्हती. दाजी जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि दाजींचा आवाज मुकादमाने उचलला होता. रोज दुपारी चारच्या सुमाराला तो त्याच घोगऱ्या गळ्याने, तोच शेवटचा सूर लांबवत विचारायचा, "चहा झाला का गंऽ?" आणि रिकाम्या घरात अक्का उठून एक कप चहा टाकायची. पिंजरा देताना ती एवढंच म्हणाली होती, "बाळा, याला काही झालं तर माझ्या घरात बोलणारं कुणी उरणार नाही रे." हे वाक्य मास्तरांच्या मानगुटीवर बसलं ते बसलंच.

त्यांनी सगळं दुकान डब्यांत भरून डब्यांना झाकणं लावली. कात्री खुंटीवर, दोऱ्याची रिळं माळ्यावर. एक हुक लावायचा तरी स्टुलावर चढायचं आणि उतरायचं. मुकादमाला पिंजऱ्यात कोंडलं की तो खोली डोक्यावर घ्यायचा, आणि बाहेर काढलं की त्याने रेडिओचं बटण कुरतड, चष्म्याची काडी चाव, चपलेचा अंगठा तोड असं चालवलेलं. मास्तर त्याच्यामागे "अरे सोड, सोड" करत फिरायचे. तो सोडायचा आणि दुसरं धरायचा.

बायकोचा वैताग मात्र वेगळाच होता. बटण लावताना पुढचं बटण ओठांत धरायची मास्तरांना जुनी सवय, आणि बटणांची वाटी समोर ठेवायची बंद झाल्यापासून तिला ऊतच आला होता. भाजी काय करू विचारावं तर उत्तर "हं हं हंऽ". "आधी तोंडातलं काढा, मग बोला," हे ती बावीस वर्षं म्हणत आली होती. या आठवड्यात ते दिवसातून वीस वेळा म्हणावं लागत होतं.

सहाव्या दिवशी हॉटेलच्या दारवानाचा कोट द्यायचा होता. बाह्यांना लावायची पितळी बटणं हॉटेलने मोजून सहा पाठवलेली, हरभऱ्याएवढी, वर हॉटेलची कोरलेली खूण. डाव्या बाहीची तीन लावून झाली. मास्तरांनी उजवी बाही मांडीवर घेतली, सुईत दोरा ओवला, आणि तेवढ्यात मुकादम मशीनवर उतरला. बटणांच्या डबीचं झाकण उघडं होतं. त्याने डबीत चोच घातली.

"अहो, बटण खाल्लं बघा त्यानं!" बायको दारातून ओरडली.

मास्तरांनी आवंढा गिळला आणि झडप घातली. डबी उलटली, मुकादम पडद्यावर जाऊन बसला आणि कोट खाली पडला. मग मोजदाद. बाहीवर तीन, जमिनीवर दोन. सहावं नाही.

दोघांनी खोली झाडली. मास्तरांनी लोहचुंबक फिरवून ऐंशी टाचण्या गोळा केल्या, आणि पितळ चुंबकाला चिकटत नाही हे बायकोने सांगितल्यावर चुंबक फेकून दिला. मशीन उलटं केलं. कोटाचं अस्तर उसवून पाहिलं. घड्याळात चार वाजले आणि मुकादम काहीच बोलला नाही. पिसं फुगवून नुसता बसून राहिला. मास्तर पिंजऱ्यापुढे उकिडवे बसून म्हणाले, "विचार ना रे, चहा झाला का म्हणून."

मुकादमाला घेऊन दोघं पक्ष्यांच्या दवाखान्यात बाकावर बसली असतानाच अक्काचा फोन आला. रोज ती मुकादमाचा आवाज ऐकायची. तो झोपलाय, असं मास्तरांनी ठोकून दिलं.

"चहाच्या वेळेला?" अक्काने विचारलं. मग हळूच म्हणाली, "बरं. उठला की लाव फोन."

डॉक्टरीणबाईंनी मुकादमाचा एक्स-रे काढला. फोटो उजेडावर धरून निरखून पाहिला. पोटात दाणे होते. धातूचा कणही नव्हता, पक्षी ठणठणीत होता, फक्त घाबरला होता. मास्तरांचा यावर विश्वास बसेना. पुन्हा काढा म्हणाले. बाईही वैतागल्या.

"ते बटण त्या वेळी नक्की कुठे होतं, ते आठवा बघू."

मास्तर आठवू लागले. डावा हात पुढे केला, त्यात बाही. उजव्या हाताच्या चिमटीत सुई. "दोन बटणं डबीत," ते म्हणाले, "आणि एक..." सुईचा हात आपसूक वर गेला आणि ओठांपाशी थांबला.

बायकोने डोळे मिटून घेतले. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या की त्या फक्त पक्षी बघतात, माणसांचा दवाखाना समोर आहे.

समोरच्या दवाखान्यातल्या फोटोत बटण स्पष्ट दिसत होतं. घाबरण्यासारखं काही नाही, केळी खा, असा सल्ला मिळाला. बटण दोन दिवसांनी मिळालं. ते मास्तर कुणाला सांगत नाहीत, आणि दारवानाला तर मुळीच नाही. मुकादमाने मात्र दुसऱ्याच दिवशी चार वाजता चहाची चौकशी केली, तेव्हा मास्तरांनी फोन पिंजऱ्याला लावला आणि स्वतः डोळे पुसले.

अक्का परत आली आणि पिंजरा घेऊन गेली. दोन दिवसांनी तिचा फोन आला. आवाज चिरकलेला होता.

"अरे, काल चार वाजता हा नेहमीसारखा म्हणाला, चहा झाला का गं. मी उठणार, तर लगेच तुझ्या बायकोच्या आवाजात म्हणतो कसा, आधी तोंडातलं काढा, मग बोला." अक्काला पुढे बोलवेना. ती रडत नव्हती, हसत होती. दाजी गेल्यापासून मास्तरांनी तिचं असं हसणं ऐकलं नव्हतं. "तुझ्या दाजींना इतकी वर्षं कुणी असं दटावलं नव्हतं रे. रोज दोघांचं भांडण ऐकते आणि चहा टाकते. दोन कप झाला तरी पिते. काय रे, ऐकतोयस ना?"

मास्तरांना खूप काही बोलायचं होतं.

"हं हं हंऽ," ते म्हणाले.