त्र्याहत्तर गिऱ्हाइकं फोन उचलत नाहीत

‘शतकातून एकदाच जन्मणारी बुद्धी. पहिला मजला, डावीकडचं दार.’ भावजींनी व्हिजिटिंग कार्डावर स्वतःबद्दल एवढंच छापलंय. बाकीचं ते तोंडी सांगतात. मी त्यांचा मेहुणा, आणि पगार मागत नाही म्हणून सहायकही. कार्डावर ऑफिसचा नवा नंबर टाकून तीन महिने झाले होते. तो फोन भावजींच्या खिशात असतो, अशी माझी समजूत. एकही केस आली नव्हती.

“गुन्हेगारांनी माझा धसका घेतलाय,” भावजी म्हणायचे.

मंगळवारी एक बाई धापा टाकत आल्या. “तुमचा फोन लागत नाही, म्हणून स्वतःच आले.” एका मोबाइल कंपनीचं व्यावसायिक ग्राहकांसाठीचं ऑनलाइन दुकान त्या सांभाळत. ऑर्डरी येत होत्या, पण ऑर्डर पक्की करायला फोन केला की कोणीच उचलत नव्हतं. प्रत्येकाला सतरा वेळा फोन करून झाला होता. अशी त्र्याहत्तर गिऱ्हाइकं होती.

“डायरेक्टर म्हणतात, घरगुती ग्राहकांचं दुकान छान चाललंय, मग धंदेवाल्यांना वेगळं हवंच कशाला? शुक्रवारी बंद करणार. आम्ही चौघं घरी बसू.” मला वाईट वाटलं. भावजींना भूक लागली होती, तरी ते उठले.

कंपनीच्या गोदामात भावजी गुडघ्यांवर रांगले. शेल्फवर अडकलेल्या ऑर्डरींची त्र्याहत्तर पाकिटं पडून होती. भावजींना धूळ सोडून काही सापडलं नाही. ती त्यांनी पुरावा म्हणून खिशात घातली.

“हे त्र्याहत्तर लोक नाहीतच. हा एकच माणूस आहे आणि तो फोनला घाबरतो.”

“पत्ते वेगवेगळे आहेत हो,” बाई म्हणाल्या.

“मग सगळ्यांचं अपहरण झालंय.”

“त्यातले चाळीस जण रोज तक्रारीच्या ईमेल पाठवतात.”

“अपहरणकर्ते चांगले दिसतात,” भावजी म्हणाले आणि गोदामातच मांडलेल्या डायरेक्टरांच्या टेबलाखाली शिरले. डायरेक्टर तेव्हा खुर्चीत बसलेले होते.

तेवढ्यात एक लाँड्रीवाली तरातरा आत आली. “माझ्या सहा फोनांचं काय झालं? दोन महिने झाले!”

“ताई, तुम्हाला सतरा वेळा फोन केला!”

“कुठल्या नंबरवर?”

बाईंनी स्क्रीन तिच्याकडे वळवला. लाँड्रीवालीने नंबर वाचला, मग बाईंकडे पाहिलं. “हा तर मी तुमच्याकडून विकत घेतलेला नवा नंबर. त्याचं सिम कुठंय?”

सगळ्यांनी शेल्फकडे पाहिलं.

घरगुती दुकान गिऱ्हाइकाला काही न विचारता पाकीट पाठवून देत होतं. धंदेवाल्यांचा मान ठेवायचा म्हणून त्यांना आधी फोन करायची खास पद्धत कंपनीने काढली होती. फोन पाकिटातल्या सिमच्या नंबरवर जात होता आणि फोन उचलला नाही म्हणून पाकीट जात नव्हतं.

“मग घरगुती दुकानातूनच घ्यायचं होतं ना,” डायरेक्टर म्हणाले.

“तिथं दोनच्या वर देत नाहीत. मला सहा हवेत, एकाच बिलावर. माझ्याकडच्या कामाच्या बायका काय आळीपाळीने बोलणार?”

डायरेक्टरांनी शुक्रवारी दुकान बंद करायचा कागद टराटरा फाडला. बाई खुर्चीत बसून रडल्या आणि मग हसल्या. मलाही भरून आलं.

“माझा तिसरा तर्क हाच होता,” भावजी म्हणाले.

पाकिटं निघाली. एक्केचाळीसाव्या पाकिटावरचा पत्ता मी मोठ्याने वाचला, “शतकातून एकदाच जन्मणारी बुद्धी, पहिला मजला, डावीकडचं दार.”

भावजी हळूच म्हणाले, “मला वाटत होतं तो फोन तुझ्याकडे आहे.”

सिम तिथंच सुरू करून दिलं. पाचच मिनिटांत फोन वाजला. भावजींनी छाती फुगवली. “बोला, गुन्हा काय?”

पलीकडच्या टेबलावरून बाईंच्या एका सहकाऱ्याचं उत्तर आलं, “सर, ऑर्डर पक्की करायची होती. अठरावा फोन आहे हा.”