आक्काच्या नावाचे पंचे

नाताळला अजून दीड महिना होता, तेव्हाच शांतवन गायकवाडने जेवता जेवता जाहीर करून टाकलं, "या वर्षी बाजारातलं काही आणायचं नाही! सगळ्यांना भेटी मी बनवणार. माझ्या हाताने!"

सुवार्ताची पळी आमटीतच थांबली. "कुणाच्या हाताने?"

"माझ्या."

"अहो, तुमच्या हाताने साधी उशीची खोळ चढत नाही! उशी एकीकडे, खोळ एकीकडे आणि तुम्ही मध्ये!"

शांतवनने हे बोलणं मोठ्या मनाने सोडून दिलं. माणूस नगरकडचा, पण भिवंडीत येऊन त्याला अकरा वर्षं झाली होती. धामणकर नाक्याजवळ गुलाम हुसेन सेठच्या यंत्रमाग कारखान्यात तो जॉबर होता. जॉबर म्हणजे लूमचा डॉक्टर! चोवीस लूम एकदम खडखडत असले तरी त्यातला कुठला कण्हतोय, हे त्याला दारातूनच कळायचं. आणि त्याच महिन्यात सेठने सुरतेहून एक जुनं यंत्र आणलं होतं. लूमच्या डोक्यावर बसवायचं आणि कापडाच्या किनारीवर नाव विणायचं!

शांतवन त्या यंत्राच्या प्रेमातच पडला. जाड पुठ्ठ्याचे पत्ते, पत्त्यांना भोकं. जिथे भोक तिथला लाल धागा वर उचलला जातो, भोक नाही तिथला खाली राहतो. बस, एवढंच! आणि एवढ्यातून अक्षर! आपला बाप आयुष्यभर अंगठा उठवून मेला, आणि इथे लोखंडाला लिहिता येतं, या विचाराने त्याच्या अंगावर काटाच यायचा.

बेत असा होता. बारा पंचे विणायचे, आणि प्रत्येक पंच्याच्या काठावर ज्याचं त्याचं नाव. सुवार्ता, लेक, कल्याणची सासूबाई, सेठ, सेठची बायको जमिला, लूमवरचा कारागीर इक्बाल... आणि सगळ्यांत पहिलं नाव आक्काचं.

आक्का म्हणजे घरमालकीण. शहराबाहेरच्या वाडीत तिचं घर होतं, आणि त्याच्याच मागच्या दोन खोल्यांत गायकवाड मंडळी राहत होती. अकरा वर्षांपूर्वी शांतवन गरोदर सुवार्ताला घेऊन खोली शोधत हिंडत होता, तेव्हा कुठे जात आडवी आली, कुठे धर्म. आक्काने फक्त एक प्रश्न विचारला होता, "पोरीला कितवा महिना?" आणि तिच्या हातात खोलीची किल्ली दिली होती. पुढे बाळंतपणही तिनेच केलं. अशा माणसाला बाजारातला स्टीलचा डबा कसा द्यायचा?

सेठ म्हणाले, "घे रे! सात नंबरच्या लूमवर उरल्यासुरल्या सुताचा बीम चढवलाय, त्यावर काय ते खेळ. पन माज्या ऑर्डरच्या मालाला हात लावायचा न्हाई!"

शांतवन कामाला लागला. एका नावाला चाळीस पत्ते. रोज ड्युटी संपली की चौकटीच्या कागदावर अक्षरं काढायची, मग चामड्याला भोकं पाडायच्या ठोकणीने पत्ते ठोकत बसायचं. ठक! ठक! ठक! पहिल्या चाचणीत बायकोचं नाव 'सुवाता' आलं. रफार कुठे गेला ते कळेना. सुवार्ता म्हणाली, "राहू द्या. लग्नाला बारा वर्षं झाली, एवढा रफार झिजायचाच."

शेवटी बारा नावांचे पत्ते दोरीने ओवून एक लांबलचक साखळी तयार झाली. शुक्रवारी कारखान्याला सुट्टी. शांतवनने इक्बालला बोलावून घेतलं आणि सात नंबर चालू केला. खडाक् खट, खडाक् खट... दोघेही श्वास रोखून काठाकडे पाहत राहिले. पांढऱ्या सुतावर आधी लाल रेघ उमटली. मग रेघेखाली 'आ'चं पोट आलं. मग काना. मग हळूहळू, जणू धुक्यातून कुणी चालत यावं तसं, अख्खं नाव बाहेर आलं. आक्का!

"सुभानल्ला!" इक्बाल म्हणाला.

"आमेन!" शांतवन म्हणाला.

मग शांतवनने घड्याळ पाहिलं आणि उडीच मारली. कल्याणच्या चर्चमध्ये नाताळच्या गाण्यांची तालीम होती, आणि रविवारपर्यंत मुक्काम सासुरवाडीला. जाता जाता तो ओरडला, "इक्बाल, मी येईपर्यंत बंद करू नको हां! साखळी थांबता कामा नये!"

त्याच्या मनात होतं, बारा पंचे होईपर्यंत. पण मनातलं इक्बालला कसं ऐकू जाणार? तो आझमगडचा माणूस. शब्दाला पक्का!

शांतवन गेल्यावर पाचच मिनिटांत साखळीची दोरी तुटली. पहिल्या नावाचे चाळीस पत्ते यंत्रावर राहिले आणि बाकीची अकरा नावं धाडकन खाली आली. इक्बालने विचार केला, भाईंनी काय सांगितलं? साखळी थांबता कामा नये. मग त्याने त्या चाळीस पत्त्यांचीच दोन्ही टोकं झकास गाठ मारून एकमेकांना बांधली आणि लूम चालू केला. शनिवारी ड्युटी बदलली तेव्हा पुढच्या कारागिराला बजावलं, "शांतवनभाई आने तक बंद नहीं करने का!" त्याने त्याच्या पुढच्याला बजावलं. सेठ लग्नाला गेलेले. लाईटसुद्धा, एरवी दिवसातून चारदा जाणारी, त्या दोन दिवसांत एकदाही गेली नाही!

रविवारी संध्याकाळी शांतवन गाणं गुणगुणत कारखान्यात शिरला आणि दारातच खिळला. सात नंबरच्या पायाशी कापडाचा डोंगर होता. त्याने एक टोक उचललं. आक्का. हातभर ओढलं. आक्का. पुढे आक्का, त्याच्या पुढे आक्का, आक्का, आक्का! जवळजवळ दोनशे मीटर कापड, आणि दुसरं नाव औषधालाही नाही!

"इक्बाल, हे काय केलंस?"

"बंद नहीं किया, भाई," इक्बाल अभिमानाने म्हणाला. "एक मिनिट भी नहीं!"

तेवढ्यात मागून सेठ आले. अकरा वर्षांची नोकरी आता या आक्काच्या लाटेत वाहून जाणार! सेठ त्या डोंगरापाशी गेले. मग वाकून त्यांनी काठावरून बोट फिरवलं.

"एक बी धागा चुकला न्हाई," ते हळूच म्हणाले. "दोन दिवसांत एक बी! शांतवन, तुज्या हातात जादू हाय. आनि डोक्यात भुसा! बीम अख्खा खाल्लास! आता ही तुजी आक्का माज्या गोदामात ठेवू नको. उद्याच्या उद्या घेऊन जा आनि वाटून टाक!"

सोमवारी पंचे कापले. भरले एकशे नव्वद! हातगाडीवर चवड रचून इक्बाल आणि शांतवन निघाले. धामणकर नाक्याच्या बरोब्बर मध्यावर चाक खड्ड्यात गेलं, दोरी सुटली आणि एकशे नव्वद आक्का रस्त्यावर पसरल्या!

ट्रक थांबले. रिक्षा थांबल्या. हॉर्नचा असा कल्लोळ उठला की चोवीस लूम त्यापुढे अंगाई वाटावेत. आणि मग लोक खाली उतरले. शिव्या द्यायला आलेला माणूस पंचा उचलायचा, काठाकडे बघायचा आणि शिव्या विसरायचा. "छापलेलं न्हाय... इणलेलं हाय!" पंचा हातोहात फिरू लागला.

"एक ठेवू का?" एका रिक्षावाल्याने विचारलं.

"ठेवा ना, नाताळ आहे!" शांतवन घामाघूम होऊन म्हणाला. त्याला फक्त रस्ता मोकळा करायचा होता. बघता बघता तीस-चाळीस रिक्षावाल्यांच्या गळ्यात आक्का झळकली.

तिकडे हातगाडीच्या दुसऱ्या बाजूला कुणीतरी इक्बालला गाठलं. "प्रचार किसका है?"

"आक्का का," इक्बाल म्हणाला. 'प्रचार' म्हणजे काय हे त्याला नीटसं ठाऊक नव्हतं.

"कौनसी पार्टी?"

"क्रिसमस की पार्टी!"

त्या माणसाने गंभीरपणे मान डोलावली आणि थेट वाडीची वाट धरली. कारण वाडीत पुढच्या महिन्यात ग्रामपंचायतीची निवडणूक होती!

यातलं काहीच शांतवनला ठाऊक नव्हतं. त्याच्यापुढे आक्काला तोंड दाखवायचा प्रश्न होता. आक्का ओट्यावर वाल सोलत बसली होती. शेजारी सुवार्ता. शांतवनने मान खाली घालून गठ्ठा पुढे ठेवला आणि सगळं सांगून टाकलं.

आक्काने हात पदराला पुसले. एक पंचा घेतला. "काय लिव्हलंय ह्याच्यावर?"

"आक्का."

"ह्याच्यावर?"

"आक्का."

तिने तिसरा उचलला, चौथा उचलला, आणि गठ्ठ्याच्या तळातला ओढून काढला. "समद्यांवर मीच?"

"चूक झाली, आक्का. एकच पाहिजे होता."

आक्का हसेल किंवा रागावेल असं त्याला वाटलं होतं. तिने दोन्हीतलं काहीच केलं नाही. लाल अक्षरावर ती अंगठा फिरवत राहिली, तान्ह्या पोराच्या कपाळावर फिरवावा तसा. "भाताच्या गोणीवर नाव ह्यांचं, सातबाऱ्यावर पोराचं," ती म्हणाली. "मना समदी हाक मारतात ते नाव कुटं लिव्हतात मना ठावकच न्हवतं. असं दिसतं व्हय?"

सुवार्ताने डोळ्याला पदर लावला. शांतवनला वाटलं, आपण यंत्र पाहून थक्क झालो होतो, पण थक्क होणं हे असं असतं.

मग आक्का उठली. "एवढं घरात कोंडून काय करू? चल पोरी, वाटू!" आणि दोघी घरोघर फिरून पंचे वाटून आल्या.

झालं! वाडीचा सरपंच तुळशीराम हा तीनदा बिनविरोध निवडून आलेला माणूस. त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासता घासता पाहिलं, तर शेजाऱ्याच्या खांद्यावर आक्का. विहिरीवर आक्का. नाक्यावर जायला रिक्षात बसला तर ड्रायव्हरच्या गळ्यातही आक्का! "ही पार्टी कवा निघाली?" त्याने चाचरत विचारलं. रिक्षावाला म्हणाला, "लय मोठी हाय म्हनतात. बाहेरच्या देशातली!"

तुळशीरामला घाम फुटला. वाडीचा नळ सहा महिने कोरडा होता, आणि बायका विहिरीवर त्याच्या नावाने काय काय बोलायच्या हे त्याला माहीत होतं. लगेच पाइप आले. प्लंबर आले. खोदाई सुरू झाली. लोक तोंडात बोट घालून बघत राहिले. आणि चोवीस डिसेंबरला, सकाळी सातला, नळ आधी खोकला, मग शिंकला, आणि धो धो वाहू लागला!

"नाताळचा चमत्कार!" शांतवन हात जोडून म्हणाला. बिचाऱ्याला खरोखर तसंच वाटलं.

नाताळच्या दिवशी सेठ आणि जमिला बिर्याणीचं पातेलं घेऊन आले. इक्बाल आला. सासूबाई कल्याणहून आल्या. सगळ्यांना भेट म्हणून एकेक पंचा मिळाला, आणि सगळे 'आक्का' लिहिलेल्या पंच्याने हात पुसत करंज्या खात बसले. एवढ्यात दारात तुळशीराम! हातात नारळ, पेढ्यांचा पुडा, चेहरा पडलेला.

"आक्का," तो म्हणाला, "पानी आनलं. आता दिव्याचे खांब बी आनतो. पन फॉर्म भरू नका!"

"कसला फॉर्म रं?"

"मना समदं कळलंय! तुमची पार्टी, तुमचे पंचे, तुमचे रिक्षावाले! एवढ्या लोकांसमोर एकदा सांगा, आक्का उभी राहनार न्हाय म्हून!"

शांतवनच्या हातातली करंजी खाली पडली. त्याच्या डोक्यात आत्ता कुठे एकेक पत्ता जागेवर बसू लागला. आक्काने मात्र तुळशीरामकडे पाहिलं, मग भिंतीपलीकडे वाहणाऱ्या नळाचा आवाज ऐकला, मग खांद्यावरच्या पंच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत काहीतरी लकाकलं.

"बरं. आज सनाचा दिस हाय, खोटं बोलनार न्हाय," ती शांतपणे म्हणाली. "आक्का उभी राहनार न्हाय."

तुळशीरामने तिचे पाय धरले, दोन करंज्या खाल्ल्या आणि शीळ घालत निघून गेला.

जानेवारीत तो पंचेचाळीस मतांनी पडला, हे वाडीत अजूनही कुणीही सांगेल. शांतवनच्या मनात मात्र घर करून राहिली ती सव्वीस डिसेंबरची सकाळ. आक्का नवं लुगडं नेसून त्याच्या दारात उभी होती, हातात फॉर्म.

"शांतवन, साक्षीदार म्हून सही कर."

त्याने फॉर्म वाचला आणि गोंधळला. "आक्का, हा दुसऱ्याच कुणाचा तरी फॉर्म आहे. इथे 'सीताबाई' लिहिलंय."

"मग?"

"सीताबाई कोण?"

मागून सुवार्ताने कपाळावर हात मारला. "अहो! अकरा वर्षं आपण यांच्या घरात राहतोय! आक्का हे काय नाव असतं होय?"

"मग मला कसं कळणार? कुणी सांगितलं नाही!"

"जरा बाहेर या," सुवार्ता म्हणाली.

शांतवन अंगणात आला आणि त्याने वर पाहिलं. घराच्या पुढच्या दारावर आक्काच्या नवऱ्याने मरायच्या आधी हौसेने लावलेली पाटी होती. वीतभर उंचीची, निळ्या रंगातली अक्षरं: 'सीताबाई निवास'. त्याच पाटीच्या खिळ्याला, परवाच, शिडीवर चढून, नाक पाटीला टेकवून, शांतवनने स्वतःच्या हाताने नाताळची चांदणी टांगली होती.