ठक, च्च, पुन्हा पहिल्यापासून

एकदा कानावरून गेलेलं गाणं माझ्या बोटांतून सुटत नाही, असं मी मल्हारराव सरदारांना छाती फुगवून सांगितलं, आणि तिथंच फसलो.

मी त्यांच्या पागेत दाण्याचा कारकून. घरी हार्मोनियम वाजवतो, एवढीच काय ती कीर्ती. सरदारांनी ग्वाल्हेरजवळच्या मुरार छावणीतून एका गोऱ्या साहेबाचा पियानो आणला होता आणि मुलींना शिकवायला मास्तर हवा होता.

"श्रीपादपंत, रविवारी मिशनच्या मेमसाहेब चहाला येणार आहेत," ते म्हणाले. "त्यांचं येशूचं भजन वाजवा. खूश झाल्या तर तुम्ही मास्तर. नाहीतर घोडे आहेतच."

अकरा वर्षं दाण्याची धूळ नाकात जात होती. मी हो म्हणून टाकलं.

मिशनच्या बंगल्यात रोज चार वाजता कुणीतरी पियानोवर भजन वाजवी. बांबूच्या चिकाच्या पडद्याआड कोण ते दिसत नसे. चर्चचे कुणी बुजुर्ग उस्ताद असणार, असं मी धरून चाललो. खिडकीखाली आठ दिवस उभा राहिलो. तीन ओळी सुरेख जात. मग एका जागी नुसतं 'ठक' वाजे, उस्ताद 'च्च' करत आणि पुन्हा पहिल्यापासून. वा! ठक ही सम! आमच्या ग्वाल्हेरात शिष्य गुरूचा खोकलासुद्धा गळ्यात उतरवतो. मी काय सोडतो?

घरी हार्मोनियमवर घोकताना बायको, शरयू, म्हणाली, "अहो, हे भजन पुढे सरकतच नाही का?"

"देवाचं नाव पुन्हा पुन्हाच घ्यायचं असतं," मी सुनावलं.

रविवारी पंचाईत झाली. सरदारांच्या पियानोची एकूणएक पट्टी धड! ठक आणायचं कुठून? मी सरळ बोटाच्या पेराने लाकडावर मारलं.

मेमसाहेब डोळे मिटून गुणगुणत होत्या. ठक झालं, डोळे उघडले. च्च झालं, कप खाली ठेवला. मी पुन्हा पहिल्यापासून धरलं तेव्हा त्या कानापर्यंत लाल झाल्या होत्या. उठून जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "किससे सीखा?"

"आपके बंगले के उस्ताद से. चार बजे बजाते हैं. बड़ा पक्का हाथ है."

"चार बजे मैं बजाती हूँ," त्या पुटपुटल्या. "छह महीने से सीख रही हूँ. एक पट्टी टूटी है."

मला त्या पियानोतच शिरावंसं वाटलं. गेली मास्तरकी, म्हटलं.

"कैसा बजाता है, मेमसाहेब?" सरदारांनी लांबून विचारलं.

त्या आपल्या खुर्चीकडे वळल्या. "बिलकुल मेरे जैसा."

"थेट मेमसाहेबांसारखं!" सरदारांच्या मिशा फुलल्या. "मास्तर, उद्यापासून या."

आता सरदारांच्या दोन्ही मुली तीन ओळी वाजवतात, लाकडावर मारतात आणि च्च करतात. बंगल्याची खिडकी चारला बंद असते. मी भिंतीला कान लावून उभा असतो.

काल सरदारांनी विचारलंच, "मास्तर, चौथी ओळ कधी?"

मी म्हटलं, "मेमसाहेबांचा हात बसला की लगेच."