मागणी आणि मूठभर लवंगा

जावा बेटावरच्या गारुत गावच्या बाजारात टोप्यांचं दुकान चालवणारे एंगकुसमामा सोयरिकी जुळवण्यात पटाईत होते. कुणाकडची मंडळी मुलगी मागायला निघाली की बोलणी करायला मामांनाच पुढे घालायची. मामा डोक्यावरची काळी टोपी सारखी करत, घसा खाकरत आणि अशी काही यमकं जुळवत की मुलीचा बाप आधी हो म्हणून टाकी आणि मग आत बायकोला विचारायला जाई. "मी तोंड उघडलं की समोरच्याचं बंद होतं," असं ते स्वतःच सांगत फिरत.

या खेपेला तर सख्ख्या भाच्याची मागणी होती. रुहियातचं रुकोयावर मन बसलं होतं, तिचं त्याच्यावर. अडचण होती ती तिच्या वडिलांची. सोबांदीसाहेब तापट म्हणून प्रसिद्ध. याआधी आलेली दोन स्थळं त्यांनी चहा पाजून परत पाठवली होती. त्यात रुकोयाने रुहियातला बजावून ठेवलं होतं की आमच्या घरात जेंगकोल चालत नाही, वाससुद्धा नको.

नेमकं जेंगकोल हा मामांचा जीव की प्राण. त्या चपट्या, जाड बिया मसालेदार रश्श्यात शिजल्या की मटणाला मागे टाकतात. पण खाणाऱ्याच्या तोंडाला नंतर जो वास सुटतो, तो त्याच्या आधी घरात शिरतो आणि माणूस गेल्यावरही बसून राहतो. मामांनी भाच्याला शब्द दिला की मागणी होईपर्यंत जेंगकोलकडे बघणारही नाही.

शब्द त्यांनी पाळला, मागणीच्या सकाळपर्यंत. त्या सकाळी शेजारी बारसं होतं आणि तिथून ताट आलं. इरोहमामी आत आपला ठेवणीतला जरीचा केबाया, म्हणजे लांब बाह्यांचा पोलका, घालत होत्या. मामांनी ठरवलं, नुसता रस्सा चाखायचा. रश्श्याबरोबर दोन घास भात गेला. मग बी नीट शिजलीय की नाही हे बघायला एक बी. मामी बाहेर आल्या तेव्हा ताट घासल्यासारखं स्वच्छ होतं आणि मामा भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"खाल्लंत," मामी म्हणाल्या.

"दात घासतो की."

"दात घासाल. पोट कसं घासणार?"

तरी मामांनी कसर ठेवली नाही. दोनदा दात घासले, जीभ खरवडली, पेरूची पानं चावली, काकडी खाल्ली, कॉफीची कोरडी पूड चघळली. भाड्याच्या व्हॅनमध्ये बसल्यावर त्यांनी हलकेच भाषणाची उजळणी सुरू केली, तर ड्रायव्हरने काच खाली केली. मागच्या बाकावरच्या आत्याबाईंनी गाडीत उंदीर मेलाय का म्हणून विचारलं. रुहियातचा चेहरा पांढराफटक पडला. तो काकुळतीला येऊन म्हणाला की मामा, हे लग्न मोडलं तर मी दुसरं करणार नाही. मामांना मनापासून वाईट वाटलं. वाटेत त्यांनी गाडी थांबवली, मसाल्याच्या दुकानातून लवंगा घेतल्या आणि मूठभर तोंडात कोंबून दोन्ही गालांत दाबून ठेवल्या.

वास खरोखरच दबला. पण लवंगेने दुखरी दाढ बधिर होते हे मामांना ठाऊक होतं. मूठभर लवंगांनी काय काय बधिर होईल याचा विचार त्यांनी केला नव्हता. सोबांदीसाहेबांच्या दारात उतरले तेव्हा त्यांची जीभ तोंडात होती की गाडीत राहिली, हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं.

बैठक जमली. केळीचे घड, मिठाईच्या टोपल्या मध्ये मांडल्या गेल्या. सोबांदीसाहेब हाताची घडी घालून बसले. मामांनी टोपी सारखी केली, घसा खाकरला आणि म्हणाले, "आम्ही तुमच्या बागेतलं फूल मागायला आलो." निदान त्यांना तसं म्हणायचं होतं. बाहेर पडलं ते "आम्मी तुम्म्या भाफेतलं फूफ." त्याबरोबर ओठाच्या एका कोपऱ्यातून लाळ ओघळली. ती लपवायला मामा हसले, तर अर्धंच तोंड हसलं.

सोबांदीसाहेब ताडकन उठले. "यांना झटका आलाय. तितीला बोलवा."

रुकोयाची मावशी तिती दवाखान्यात नर्स होती. ती स्वयंपाकघरातून धावत आली आणि तिने मामांना दोन्ही हात वर करायला सांगितलं. मामांनी केले. मग तिने तोंड उघडायला सांगितलं. मामांनी दातावर दात घट्ट दाबले आणि जोरजोरात मान हलवली. जबडा धरलाय, तितीमावशी म्हणाली. कुणी मामांना आडवं केलं, कुणी उशाशी दुआ म्हणू लागलं, कुणी रुग्णवाहिकेला फोन लावला. मामी खाली वाकून हळूच म्हणाल्या की अहो, उघडा आता, नाहीतर थेट दवाखान्यात उघडतील. मामांनी डोळे मिटून घेतले. भाच्यासाठी मरायचीही त्यांची तयारी दिसत होती.

शेवटी रुहियातलाच राहवलं नाही. "झटका नाही आलेला," तो रडवेला होऊन म्हणाला. "मामांनी जेंगकोल खाल्लंय."

फोन लावणाऱ्याने फोन ठेवला. दुआ अर्ध्यावर थांबली. मामांनी बिचाऱ्यांनी तोंड उघडलं, लवंगा हातावर काढल्या आणि इतका वेळ कोंडलेला श्वास सोडला. तितीमावशी ओढणी नाकाला लावून खिडकीपाशी गेली. आता बाहेरची वाट दाखवतात म्हणून रुहियात चपला शोधू लागला.

सोबांदीसाहेब मात्र पुढे सरकले. मामांच्या तोंडाजवळ वाकले. डोळे मिटून त्यांनी एक लांब श्वास घेतला. मग आणखी एक.

"रश्श्यातलं?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं. मामांनी मान डोलावली. "नारळाच्या दुधातलं?" मामांनी पुन्हा मान डोलावली. साहेबांच्या डोळ्यांत पाणी तरळलं. मूतखडा झाल्यापासून डॉक्टरांनी त्यांचं जेंगकोल बंद केलं होतं. मोह नको म्हणून बायकोने ते घरातूनच हद्दपार केलं, आणि साहेबांचा स्वभाव तापट झाला तोही तेव्हापासूनच, हे नंतर रुकोयाच्या आईनेच सांगितलं.

ते दोघे असे नाकाला नाक लावून बसलेले पाहून इरोहमामींना वाटलं, हीच वेळ आहे. त्या रुकोयाच्या आईकडे वळल्या. "वहिनी, आमच्या मुलाला तुमची मुलगी आवडलीय, तिलाही तो आवडलाय. देता का?"

"देतो की," आई म्हणाली. "त्यासाठी तर जेवण रांधलंय."

एवढ्यावरच मागणी उरकली. ना यमक, ना फूल, ना बाग.

परतताना मामांची जीभ सुटली आणि त्यांनी राहिलेलं भाषण गाडीत म्हणून दाखवायला घेतलं. सगळ्यांनी काचा उघडल्या, पण ऐकून घेतलं.

पुढच्या महिन्यात वरच्या आळीतली मंडळी दारात आली. त्यांच्या मुलाची मागणी होती, बोलायला कुणीतरी जाणतं माणूस हवं होतं. मामांनी घाईघाईने टोपी चढवली, सगळ्यांना बसायला सांगितलं आणि घसा खाकरून म्हणाले, बोला, कधी निघायचं?

मंडळी जरा संकोचली. मग त्यातल्या म्हाताऱ्या काकांनी आत डोकावून विचारलं, "मामी आहेत का घरात?"