ढोके सरांचा दीड टक्का

आमच्या कॉलनीत कुणाचं पाकीट खिशातून बाहेर निघालं की कुठून तरी आवाज येतो, "थांबा! नोटा आत ठेवा!"

नवा भाडेकरू असेल तर दचकतो. त्याला वाटतं, भर दिवसा लुटतात की काय अमरावतीत. आम्ही जुने लोक दचकत नाही. निमूटपणे पाकीट परत खिशात घालतो, कारण ढोके सर आलेले असतात. त्यांच्या हातात ते निळं कार्ड असतं. कार्ड एका प्लॅस्टिकच्या पाकिटात आणि ते पाकीट आणखी एका कापडी पाकिटात.

"मी कार्ड मारतो. तुमी मले फोनवरून पैसे पाठवा. तुमचं काही गेलं नाही, मले दीड टक्का कॅशबॅक सुटला. हिशोबात बसते का नाही?"

हिशोबात बसतं हो. पण कोथिंबिरीची जुडी घेताना हा हिशोब ऐकायला माणसाकडे वेळ पाहिजे ना! मागं गिऱ्हाइकं खोळंबतात. किराणावाले इस्माईलभाई कपाळाला हात लावून उभे असतात. एकदा वैतागून म्हणाले, "सर, बीस रुपये के लिए मशीन मत निकलवाओ ना."

"इस्माईलभाई, बीस का दीड टक्का कितना हुआ?"

"तीस पैसे."

"तीस पैसे रस्ते पे पडे दिखे, तो उठाओगे की नही?"

"नही उठाऊंगा सर. तीस पैसे अब चलतेच नही."

सगळं दुकान हसलं. सर हसले नाहीत. त्यांनी इस्माईलभाईंकडे शाळेतल्या ढ पोराकडे पाहावं तसं पाहिलं आणि कार्ड मशीनला लावलं.

ढोके सर म्हणजे हायस्कुलातले गणिताचे मास्तर, आता रिटायर. किडकिडीत बांधा, पायात बारा महिने सँडल, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. सुलूकाकू त्यांच्या बायको. आमची भिंत त्यांच्या भिंतीला लागून. मी पतसंस्थेत कर्जखात्याच्या टेबलावर बसते, त्यामुळं व्याज, दंड आणि बारीक अक्षरातल्या अटी यांच्याशी माझं रोजचं भांडण. मला कुणी "फुकट" म्हटलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

हे कार्ड त्यांना मॉलमध्ये एका टेबलावर बसलेल्या पोरीनं गळ्यात बांधलं. सोबत चाकं लावलेली बॅग फुकट. "एकावर दुसरं कार्डही फुकट आहे सर, घरातल्या कुणासाठी," ती म्हणाली. सरांनी दुसरं कार्ड प्रफुलसाठी घेतलं. प्रफुल त्यांचा एकुलता एक मुलगा, तेव्हा नुकताच इंजिनिअर झालेला. खर्च कुणीही करो, बिल सरांच्या नावावर आणि खर्चाचा मेसेजही सरांच्याच मोबाईलवर.

पुढं प्रफुल नांदगाव पेठेच्या एमआयडीसीत चांगल्या नोकरीला लागला. आणि एक दिवस ती नोकरी सोडून त्यानं मालवाहू पिकअप घेतली. त्या दिवशी भिंतीपलीकडून आलेला आवाज सगळ्या गल्लीनं ऐकला. "इंजिनिअर होऊन गाडी हाकतं का बे? चार लोकात मले तोंड दाखवाले जागा ठेवली नाही तू!" प्रफुल कपड्यांची बॅग घेऊन निघून गेला. त्याला तीन वर्षं झाली. फोन नाही, चिठ्ठी नाही. सरांसमोर त्याचं नाव काढायचं नाही, हे आमच्या गल्लीत लहान पोरांनाही माहीत आहे. त्याच्याजवळचं कार्ड तेवढं परत मागायचं राहून गेलं.

तर सर आणि त्यांचं कार्ड. गल्लीतल्या चौधरींच्या मुलीच्या लग्नात मंडपवाला, फुलवाला, आचारी, सगळ्यांचे पैसे सरांच्या कार्डावरून गेले. लग्नाच्या दिवशी सर नवरीच्या बापाच्या शेजारी उभे राहून पाहुण्यांचे नमस्कार घेत होते. वरपक्षाला शेवटपर्यंत कळलं नाही की मुलीचा बाप नेमका कोणता. माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा डिस्चार्जच्या खिडकीवर आमच्या ह्यांच्या आधी सर हजर. मी भुलीच्या औषधानं अर्धवट शुद्धीत. कानाजवळ आवाज, "वंदनाताई, बरं वाटते का? दवाखान्यावर पूर्ण दीड टक्का भेटला, बरं का!" मला बरं वाटण्याऐवजी मळमळलं.

आणि अकोल्याची ती सहल! अकोल्यातल्या एका दुकानात मिक्सरवर दहा टक्के कॅशबॅक असल्याचं सरांनी शोधून काढलं. मला मिक्सर हवाच होता. गाडी माझी, पेट्रोल माझं, टोल माझा. तिकडं गेल्यावर कळलं की दहा टक्के खरे, पण अमुक रकमेपर्यंतच, त्यापुढं शून्य. हातात जेवढं आलं त्याच्या तिप्पट पेट्रोल जळलं होतं.

"याले तुमी फायदा म्हणता सर?" मी मूर्तिजापूरच्या टपरीवर चहा पिताना विचारलं. रागावले की माझीही भाषा घरची होते.

"मिक्सर बाजूले ठेवा. चहा पाहा किती स्वस्त आहे इथं. जालन्यात पंधराचा झाला. धुळ्याच्या पुढं तर वीस."

"तुम्ही कधी गेले होते धुळ्याला?"

"माणसानं माहिती ठेवावी," ते म्हणाले आणि रस्त्यावरून जाणाऱ्या मालवाहू गाड्या पाहत बसले.

गेल्या महिन्यात मात्र बँकेनंच सरांचा घात केला. मेसेज आला, यापुढं किराणा, पेट्रोल, वीजबिल आणि दवाखाना यांवर कॅशबॅक बंद. वर्षाची फी मात्र वाढली. मी तर वाटच पाहत होते! कॅल्क्युलेटर घेऊन त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले.

"आता फायदे सांगा सर. एकेक."

"एक तर उधारी. आज घ्या, पुढच्या महिन्यात द्या. पैसा तेवढे दिवस बँकेत आपल्या नावानं व्याज कमावते."

"किती कमावते ते मी काढलं आहे. एका वर्षात एक नारळ येईल. पुढं?"

"पॉइंट भेटतात."

"पॉइंटचं काय येतं?"

"कॉफीचा मग. पण त्याले अजून पॉइंट लागतात."

"पुढं?"

"विमानतळावर खास खोलीत फुकट बसाले भेटते."

"विमानात कधी बसले तुम्ही?"

"बसलो नाही. पण बसाले गेलो, तर आधी बसाले भेटते."

मी तोटे सांगायला घेतले. फी. फीवरचा कर. एक तारीख चुकली तर दंड, आणि त्यावर असं व्याज की आमची पतसंस्था त्यापुढं धर्मशाळा वाटावी. शिवाय अख्ख्या गल्लीची बिलं आपल्या डोक्यावर, कुणी पैसे पाठवायला विसरलं तर मागायला लाज. चौधरींकडून फुलवाल्याचे पैसे अजून यायचेच होते. मी आकडा काढून कॅल्क्युलेटर त्यांच्यापुढं धरला. मिळणाऱ्या कॅशबॅकपेक्षा फी जास्त. जन्मभर पोरांना वजाबाकी शिकवलेला माणूस, त्यानं तो आकडा पाहिला आणि चष्मा काढून पुसला.

"हिशोबात बसत नाही," ते हळूच म्हणाले.

"मग बंद करा!"

"रविवारी करतो. तुमीबी या."

मला इतका आनंद झाला की घरी जाऊन मी शिरा केला.

रविवारी सकाळी सरांनी बँकेच्या मदत केंद्राला फोन लावला. फोन टेबलावर, आवाज मोठा, म्हणजे मलाही ऐकू यावं. बराच वेळ सनई वाजली. मग एक गोड आवाजाची पोरगी आली. "सर, आप कार्ड क्यूं बंद करना चाहते हैं?"

"हिशोब में नही बैठता, बेटी."

"कोई बात नहीं सर. इसके साथ जो दूसरा कार्ड है, प्रफुल जी के नाम पे, वो भी बंद हो जाएगा. कन्फर्म करूं?"

मी खुणेनं म्हटलं, हो म्हणा. त्यांनी फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग भिंतीकडे.

"सर? आप लाइन पे हैं?"

सुलूकाकू पिठाच्या हातानं स्वयंपाकघरातून आल्या आणि त्यांनी सरळ फोन कापला. फोनवर कणीक लागली.

"काकू, अहो..."

"तुहा हिशोब बरोबर आहे, वंदना. तू हुशार आहेस बापा. पण माहा पोरगा कुठं आहे, जेवला का उपाशी आहे, हे मले कोण सांगन? तुही पतसंस्था सांगन का?"

मग त्या खुर्चीत बसल्या आणि बोलतच सुटल्या. प्रफुलचा धंदा बरा चालतो, हे त्यांना गावच्या एका माणसाकडून कळलं होतं. त्याला या कार्डाची काही गरज नाही. मोठी खरेदी तो यावर करतही नाही. पण तीन वर्षांत एक आठवडा रिकामा गेलेला नाही. जालन्यात चहा. धुळ्याच्या पुढं जेवण. एकदा इंदूरला औषधाच्या दुकानाचं बिल आलं, तर सर आणि काकू, दोघंही दुसऱ्या दिवशी त्याच्या नाश्त्याचा मेसेज येईपर्यंत जेवले नव्हते.

"त्याले मालूम आहे मेसेज कोणाले येते," सर म्हणाले. "तो पाठवते. मी बिल भरतो. त्यालेबी समजते की बाप जिवंत आहे. एवढंच बोलणं आहे आमचं."

दीड टक्क्यासाठी गल्लीभर धावणारा हा माणूस! चुलीत गेला तो दीड टक्का. माझे डोळे भरून आले आणि मला रागही आला, बापाचा, पोराचा, दोघांचाही. एवढे शिकलेले लोक, साधा फोन लावता येत नाही?

तेवढ्यात मोबाईल वाजला. सरांनी फोन उचलून कणीक पुसली. "अकोला. डिझेल."

"अकोला?" काकू उठल्या. "मंग इकडंच येऊन राहिला!"

"इकडं नाही. नागपूरले जात असन. दर महिन्यात जाते, शहराबाहेरच्या रस्त्यानं. अमरावतीत कवा थांबला?"

काकू आत गेल्या. भाजी फोडणीला टाकल्याचा आवाज आला. मी घरी जायला हवं होतं, पण माझा पाय निघेना. सर फोन मांडीवर घेऊन बसले. दुपार होत आली, तेव्हा पुन्हा मेसेज आला.

"नांदगाव पेठ. ढाबा. दहा रुपये, म्हणजे एक चहा."

नांदगाव पेठ म्हणजे अमरावती सोडून नागपूरच्या रस्त्याला. काकू दारात उभ्या होत्या, तिथंच उंबऱ्यावर बसल्या. "गेला पुढं," त्या म्हणाल्या.

थोड्या वेळानं पुन्हा तोच ढाबा, एक चहा. आणखी थोड्या वेळानं, तोच ढाबा, एक चहा.

सर उभे राहिले. "एक माणूस एका जागी तीनदा चहा काहून घेईन?"

"गाडी बिघडली असन," काकू म्हणाल्या.

"गाडी बिघडली असती तर त्यानं चहा पित टाइम घालवला नसता, दुरुस्त केली असती. इंजिनिअर आहे माहा पोरगा!" तीन वर्षांत त्यांच्या तोंडून 'इंजिनिअर' हा शब्द मी पहिल्यांदा असा ऐकला. मग त्यांचा आवाज फुटला. "तो बलावून राहिला आपल्याले, सुलू."

मी गाडीची किल्ली आणायला पळाले.

ढाब्याच्या पुढं पांढरी पिकअप उभी होती. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर प्रफुल बसला होता, दाढी वाढलेली, खांदे भरलेले, तोंड रस्त्याकडं. गल्ल्यावरचा माणूस कुरकुरत होता, "अबे, एकदाच बिल करत जा ना भाऊ, एकेका चहाले मशीन काहून लागते तुले?" आम्हाला पाहिल्याबरोबर प्रफुल ताडकन उभा राहिला. काकूंनी त्याचं तोंड दोन्ही हातात धरलं आणि रडू लागल्या.

सर चार पावलं लांब थांबले होते.

"बाबा, आज घरी येणार होतो," प्रफुल म्हणाला. "बडनेऱ्याच्या वळणापर्यंत आलो. हिंमत नाही झाली."

"माही तरी कुठं झाली होती?" सर म्हणाले. "तीन वर्ष नुसते मेसेज वाचत बसलो. फोन हातातच होता माह्या." ते पुढं आले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "वाळला नाहीस. बरं वाटलं मले. लय आठवण आली रे तुही."

मग त्यांनी पिकअपभोवती एक चक्कर मारली. टायर दाबून पाहिले. गाडीत काय भरलं, कुठं न्यायचं, किती टन, सगळं विचारलं. माल उद्या पोचला तरी चालतो म्हटल्यावर म्हणाले, "मंग घरी चाल. तुही माय सकाळपासून गॅसपाशी उभी होती."

माझी गाडी एसीची, मागची सीट रिकामी. पण दोघंही पिकअपमध्येच चढले. पुढच्या बाकावर तिघं दाटीवाटीनं बसले, आणि मी एकटी त्यांच्या मागं निघाले.

अमरावतीच्या फाट्याजवळ पिकअप हळू झाली. डाव्या खिडकीतून सरांचा किडकिडीत हात पूर्ण बाहेर आला, ट्रकचा क्लीनर वळताना काढतो तसा. गाडी शहराकडं वळून पुरी सरळ होईपर्यंत ते तो हात हलवत राहिले.