चार बिटांची चिक्की

चार बिट! फक्त चार बिटांत गुळाचा पाक बसवून दाखवते, असं माहनूरने अख्ख्या घराला सांगून ठेवलं होतं. इलेक्ट्रॉनिक्सची पदवी ताजी होती आणि लोणावळ्यात खालाचा, आईच्या बहिणीचा, चिक्कीचा कारखाना हाताशी होता.

तापमापकाची दांडी कढईत, पडदा पलीकडे टेबलावर. "एकशे बारा, एकशे बारा, एकशे तेरा, ही पोपटपंची कशाला?" तिने नुसरतखालाला समजावलं. "मागच्यापेक्षा किती चढलं-उतरलं, तेवढाच फरक पाठवायचा. पडदा बेरीज करतो. एका वेळी सात अंशांपेक्षा जास्त फरक पडतच नाही, मग चार बिट, म्हणजे शून्य-एकच्या चार खुणा, पुरे!"

"मला बिट कळत नाहीत," खाला म्हणाली. "बारा वाजता औंढ्याच्या रिसॉर्टची गाडी चिक्की न्यायला येतेय. हा घाणा बिघडला तर घरात दुसरा गूळ नाही. आणि करपलेली कढई तूच घासशील!"

"एकशे पंचेचाळीस झाले की सांगते. तोवर पाक उतरवायचा नाही!"

कढईपाशी कुरवंड्याच्या नंदाबाई होत्या. वीस वर्षं पाक काढत होत्या. 

पावणेबारा. आकडा एकशे अठरा. एकाएकी तो जरा घसरला, मग चढत चढत एकशे नव्वद! पुन्हा घसरला आणि थेट दोनशे सत्तर!

"खाला, कढई पेटणार!"

माहनूरने झेप घेऊन गॅस बंद केला. खालाने ओलं पोतं उचललं. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

"गॅस कुनी घालवला?" नंदाबाई कडाडल्या.

"नंदामावशी, दोनशे सत्तर!"

"व्हय का? मंग धूर कुटं हाय? पाक लय कच्चा हाय अजून." त्यांनी दांडी उपसली आणि शेजारच्या गार पाण्याच्या पातेल्यात खुपसली.

"अहो, हे काय?"

"गूळ चिकटला की पळी असू दे न्हाईतर तुजी दांडी, पान्यात बुचकाळायची. मगाधरनं दोनदा बुचकाळली की!"

माहनूर टेबलापाशी बसून हिशेब करू लागली. बुचकळताच ऐंशी-नव्वद अंश उतरत होते, पण चार बिटांना एका वेळी सातच सांगता येत होते! घसरण अर्धवट पोचायची. दांडी परत पाकात गेल्यावरचा सावकाश चढ मात्र पुरा मोजला जायचा. दर बुचकळीला आकडा फुगत होता.

नंदाबाईंनी गॅस पेटवला. पाकाचा थेंब पाण्यात टाकला, गोळी वाटीत आपटली. आवाज नाही. हॉर्न. दुसरी गोळी. आवाज नाही. पुन्हा हॉर्न! खालाच्या हातात पोतं तसंच.

तिसरी गोळी. टण्!

"उतरवा!" नंदाबाई म्हणाल्या.

गाडी दहा मिनिटं उशिरा गेली, पण चिक्की घेऊन गेली. माहनूरने वही उघडली, 'चार' खोडलं. नंदाबाईंची वाटी अख्ख्या निकालाला एकच बिट वापरत होती: वाजलं किंवा नाही वाजलं.

"झालं लिहून? ऊठ, कढई घास," खाला म्हणाली. "करपली नाही, पण दहा मिनिटं गेली ना!"

माहनूर उठली. मागून नंदाबाईंचा आवाज आला, "आदी पान्यात बुचकाळ, पोरी. लगीच सुटतंय!"